मूळ देश कोणता? शिवणीचा की सुताचा?

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापडाने भरलेल्या ट्रकपुढे बावीस वर्षांचा एक गिरणी कामगार आडवा झाला आणि तो ट्रक त्याच्या अंगावरून गेला. हुतात्मा बाबू गेनू सैद हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावचे. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे आणि स्वदेशी जागरण मंच त्यांचा हौतात्म्यदिन 'स्वदेशी दिन' म्हणून पाळतो. त्या दिवशी काळबादेवीत एका गोष्टीविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. ट्रकमधले कापड परके आहे, हे ट्रक हाकणाऱ्याला ठाऊक होते, कापडाच्या व्यापाऱ्याला ठाऊक होते आणि आडवे होणाऱ्या बाबू गेनूंनाही ठाऊक होते. शत्रू कोण, हे उघड दिसत होते.

आज ते तसे दिसत नाही. आंबेगावला लागूनच जुन्नर तालुका आहे आणि त्या तालुक्यात कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर पिंपरी पेंढार हे गाव आहे. कांदा, टोमॅटो, ऊस पिकविणारा हा पट्टा. माळशेज घाट चढून येणारी वाहने याच रस्त्याने आळेफाट्याकडे जातात. लग्नसराई असो, गावची यात्रा असो वा दिवाळी, या पट्ट्यातील कुटुंबांची कपडेखरेदी आता बहुतांशी तयार कपड्यांची असते. अशा खरेदीत हाती आलेल्या एखाद्या सदऱ्याचे सूत एका देशात कातलेले, कापड दुसऱ्या देशात विणलेले, बटणे तिसऱ्या देशातली, शिवण चौथ्या देशातली आणि छातीवरचे नाव मात्र एखाद्या भारतीय कंपनीचे, असे सहज असू शकते. मग त्या सदऱ्याचा देश कोणता?

या प्रश्नाचे उत्तर ना गिऱ्हाईक देतो, ना दुकानदार. ते बंदरावरच्या सीमाशुल्क कार्यालयात, काही अंकांच्या आणि एका प्रमाणपत्राच्या आधारे ठरते. स्वदेशीचा विचार मानणाऱ्यांपैकी फार थोड्या जणांनी हे अंक आणि हे प्रमाणपत्र कधी समजून घेतले असेल. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, ते समजून घेतल्यावाचून स्वदेशीची आजची लढाई लढताच येणार नाही.

जकातीचा जुना धडा

जुन्नरच्या माणसाला जकात हा विषय परका नसावा. सातवाहनकाळी कोकणातील बंदरांतून देशावर येणारा माल नाणेघाटाने वर चढत असे. त्या घाटाच्या माथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण आहे आणि जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी परंपरा सांगते. राणी नागनिकेचा कोरीव लेख तेथल्याच लेण्यात आहे. माल कोठून आला, कोणता आहे आणि त्यावर किती घ्यावयाचे, हे तीन प्रश्न त्या काळच्या राज्यव्यवस्थेलाही पडत होते. सीमाशुल्काचे सारे शास्त्र आजही याच तीन प्रश्नांवर उभे आहे.

परकीय सत्तेच्या हाती हेच शास्त्र गेले की काय होते, याचा धडा आपल्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकात घेतला. १८८२ साली इंग्रज सरकारने विलायती कापडावरील आयात जकात पूर्णपणे उठविली. तिजोरीला पैसा कमी पडू लागला तेव्हा १८९४ साली ती पाच टक्क्यांनी पुन्हा बसविली; पण लँकेशायरच्या गिरणीमालकांची समजूत काढण्यासाठी भारतीय गिरण्यांच्या सुतावरही तेवढेच उत्पादनशुल्क लावले. त्यातली मेख पाहण्यासारखी आहे. हे शुल्क सरसकट सर्व सुतावर नव्हते. वीस नंबरपेक्षा बारीक असलेल्या सुतावरच ते होते. कारण लँकेशायरच्या मालाशी स्पर्धा करीत होते ते हेच बारीक सूत. सुताच्या जाडीचा एक आकडा पुढे करून एका राष्ट्राच्या उद्योगाला वेसण घालता येते, हे सरकारने दाखवून दिले. पुढे १८९६ साली सूत मोकळे करून विलायती कापडावरील जकात साडेतीन टक्के केली आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादनशुल्क बसविले. लोकमान्यांनी विलायती कापडावरील बहिष्काराची हाक त्याच सुमारास दिली होती. १९०५ ची पुण्यातील विदेशी कापडाची होळी सर्वांना आठवते; तिच्यामागे दहा वर्षांचा हा जकातीचा हिशोब होता, हे मात्र आपण विसरतो.

आणि बाबू गेनूंच्या बलिदानाचे वर्ष? त्याच १९३० साली सरकारने कापड उद्योगाच्या संरक्षणाचा म्हणून एक कायदा केला. त्यात ब्रिटिश कापडावर पंधरा टक्के आणि अन्य देशांच्या कापडावर वीस टक्के आयात जकात ठेवण्यात आली. संरक्षण भारताच्या गिरण्यांना आणि सवलत इंग्लंडच्या मालाला, असा तो प्रकार होता. कापडाच्या मूळ देशावरून दर बदलण्याच्या या साम्राज्यांतर्गत सवलतीचा निषेध म्हणून पंडित मदनमोहन मालवीय यांनी केंद्रीय विधिमंडळाचा राजीनामा दिला. एक गिरणी कामगार रस्त्यावर प्राण देत होता आणि एक विद्वान सभागृहात जकातीची कलमे वाचून राजीनामा देत होता. स्वदेशीला त्या दोघांचीही आवश्यकता होती. आज आपण पहिल्याचे पुण्यस्मरण करतो, दुसऱ्याचा अभ्यास मात्र आपल्या हातून सुटला आहे.

अंकांचे राज्य

कांद्याच्या बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला वर्गीकरण म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. एकाच शेतातला, एकाच पाण्यावर वाढलेला कांदा गोळा, गोल्टा, गोल्टी, बदला अशा ढिगांत विभागला जातो आणि प्रत्येक ढिगाचा भाव निराळा निघतो. ढीग कोणी आणि कसे पाडले, यावर शेतकऱ्याची पट्टी ठरते. बंदरावर उतरणाऱ्या कपड्याचेही असेच आहे.

ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेची वस्तूंची एक नामावळी आहे. तिच्यात प्रत्येक वस्तूला सहा अंक दिलेले असतात. पुढचे दोन अंक भारताचे स्वतःचे. आपला १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा याच पद्धतीवर चालतो. तयार कपड्यांसाठी त्यात दोन मुख्य प्रकरणे आहेत. होजिअरीचे कपडे एकसष्टाव्या प्रकरणात, मागावरच्या कापडाचे कपडे बासष्टाव्या प्रकरणात. चादरी, घोंगड्या आणि जुने कपडे त्रेसष्टाव्या प्रकरणात. टी-शर्टचे शीर्षक ६१०९, पुरुषांच्या मागावरच्या कापडाच्या सदऱ्याचे ६२०५. सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर वजनाने जे अधिक, त्याचे नाव कपड्याला लागते. आपल्याकडचा परिचित टेरीकॉटचा सदरा, त्यात पॉलिएस्टर पासष्ट टक्के असले तर, शुल्कसूचीच्या दृष्टीने सुती राहत नाही.

नियम याहूनही सूक्ष्म आहेत. पुढून उघडणाऱ्या कपड्याचा डावा भाग उजव्यावर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवा डाव्यावर येत असेल तर स्त्रियांचा. आणि कापणीवरून काहीच ओळखता येत नसेल तर तो स्त्रियांच्या शीर्षकात. साडी शिवलेली नसते, म्हणून आपल्या सूचीत ती तयार कपड्यांत न बसता कापडांच्या प्रकरणांत बसते. परदेशातून येणारा जुना लोकरी कोट अखंड असेल तर तो 'वापरलेला कपडा', आणि त्याच्या आयातीवर निर्बंध आहेत. तोच कोट फाडून आणला तर तो 'चिंधी' आणि त्याची वाट मोकळी. अमेरिकेत २०१७ साली एका खटल्यात 'स्नगी' नावाची बाह्या असलेली उबदार वस्तू हा कपडा की ब्लँकेट, असा वाद आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयापुढे आला. कपडा ठरला असता तर जकात १४.९ टक्के, ब्लँकेट ठरले तर ८.५ टक्के. न्यायालयाने ते ब्लँकेट ठरविले. वाचताना हसू येते. पण फरकातील ते सहा टक्के म्हणजे प्रत्येक जहाजामागे किती रक्कम, याचा हिशोब करणाऱ्या वकिलांना ते येत नसावे.

आपल्याकडील एक ताजे उदाहरण या खेळाचे गांभीर्य दाखविते. चीनमधून अतिशय स्वस्त भावाने येणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या होजिअरी कापडाने आपल्या कापड उत्पादकांना जेरीस आणले होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा कापडाच्या पाच प्रकारांवर किलोमागे साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत ठरविली. काही महिन्यांतच आणखी आठ प्रकार त्या यादीत घालावे लागले. एक दार लावले की माल शेजारच्या दाराने येऊ लागतो, कारण दोन दारांमध्ये केवळ एका अंकाचे अंतर असते. अखेर २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारांच्या होजिअरी कापडावर वीस टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते शुल्क बसविण्यात आले. वजनावरील शुल्काची ही जोड महत्त्वाची आहे. बिलावर किंमत खोटी लिहिता येते, पण वजनकाट्यावर ठेवलेला गठ्ठा तेवढा खोटे बोलत नाही.

प्रमाणपत्राचा प्रवास

वर्गीकरणाने वस्तू कोणती ते ठरते. दर मात्र ती कोणत्या देशाची, यावरही अवलंबून असतो. खरा पेच येथे आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ३२८ प्रकारच्या वस्त्रोद्योग उत्पादनांवरील आयात शुल्क दहा टक्क्यांवरून वीस टक्के केले. त्याआधीच्या महिन्यात पन्नास प्रकारांवर अशीच वाढ झाली होती. स्वदेशीवाद्यांनी या निर्णयांचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु भिंत उंच करताना कुंपणाची एक फट तशीच राहिली. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारान्वये, म्हणजे 'साफ्टा'न्वये, भारताने २०११ साली मद्य आणि तंबाखू यांच्या पंचवीस वस्तू वगळता या विभागातील अल्पविकसित देशांच्या सर्व मालाला मूळ आयात शुल्क माफ केले. बांगलादेश त्या देशांपैकी एक आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातील अग्रगण्य देशांपैकीही एक. म्हणजे चीनच्या सदऱ्यावर वीस टक्के आणि बांगलादेशाच्या सदऱ्यावर शून्य.

येथपर्यंत कोणाला आक्षेप नसावा. शेजारचा गरीब देश आपल्या श्रमाने चार पैसे मिळवीत असेल तर त्याला बाजारात जागा देणे, हे मोठ्या भावाला शोभणारेच आहे. प्रश्न पुढचा आहे. बांगलादेशाचा सदरा म्हणजे कोणता?

साफ्टाचे उत्तर असे आहे: बाहेरून आणलेल्या मालाचे चार अंकी शीर्षक तयार मालात बदललेले असावे आणि निर्यात किमतीतील किमान तीस टक्के भर त्या देशात पडलेली असावी. ही तीस टक्क्यांची मर्यादा अल्पविकसित देशांसाठी आहे. ऐकायला हे रास्त वाटते. आता एक साधे गणित करू. समजा, शंभर रुपये किमतीचा एक टेरीकॉट सदरा आहे. त्याचे कापड आणि बटणे चीनमधून आली आणि त्यांची किंमत पासष्ट रुपये झाली. ढाक्याजवळच्या कारखान्यात कापणी, शिवण, इस्त्री, वेष्टन आणि नफा मिळून पस्तीस रुपयांची भर पडली. कापड आले तेव्हा त्याचे शीर्षक पंचावन्नाव्या प्रकरणातले होते. सदरा झाल्यावर ते ६२०५ झाले. शीर्षक बदलले, तीस टक्क्यांची अटही पुरी झाली. प्रमाणपत्रावर शिक्का बसला. पासष्ट रुपयांचे चिनी द्रव्य पोटात घेऊन आलेला सदरा आपल्या बंदरावर बांगलादेशाचा नागरिक म्हणून उतरतो आणि एक पैही मूळ आयात शुल्क न देता बाहेर पडतो. यात कोणी लबाडी केलेली नाही, हे नीट लक्षात घ्यावे. खोटे प्रमाणपत्र हा निराळा गुन्हा झाला. येथे तर नियमच असा लिहिला आहे की, चीनच्या मागाला भारताच्या बाजारात बिनशुल्क यावयाचे असेल तर केवळ एका शिवणयंत्राची गरज पडावी.

जगात सगळीकडे असेच असते काय? नाही. उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारात कपड्यांसाठी 'सुतापासून पुढे' असा दंडक घालण्यात आला होता. सूत कातण्यापासून शिवण्यापर्यंतची कामे करार केलेल्या देशांतच व्हावीत, तरच सवलत. युरोपीय संघाने २०११ पासून अतिगरीब देशांना केवळ शिवणीवर सवलत देऊ केली, हे खरे. पण ३५ लाखांवर हातमाग कामगार पदरी असलेल्या देशाने युरोपचे हे औदार्य डोळे मिटून उचलावे, असे नाही. आणि दूर कशाला जा, २००० साली अमलात आलेल्या श्रीलंकेबरोबरच्या करारात आपणच शहाणपण दाखविले होते. तेथून दरवर्षी सवलतीने येऊ शकणाऱ्या ऐंशी लाख कपड्यांपैकी किमान साठ लाख भारतीय कापडाचे असावेत, अशी अट आपण घातली होती. नंतरच्या वर्षांत ती सैल करण्यात आली. जे कोलंबोला सांगता आले, ते ढाक्याला सांगताना आपली लेखणी का अडखळली?

रस्ता बदलला, नियम तोच

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने 'आरसेप' करारातून बाहेर पडण्याचे धैर्य दाखविले. मूळ देशाच्या नियमांना बगल दिली जाण्याची भीती हे त्याच्या कारणांपैकी एक होते. २०२० च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क कायद्यात २८ डीए हे कलम घातले आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून नवे नियम लागू झाले. तोवर आयातदार प्रमाणपत्र पुढे करून मोकळा होत असे. आता माल त्या देशाचा कसा ठरला, याची माहिती त्याने स्वतः जवळ बाळगावी, पाच वर्षे जपावी आणि अधिकाऱ्याने मागितली तर द्यावी, असे बंधन आले. ही चांगली सुधारणा आहे. पण तिने नियमाच्या पालनाची चौकशी होते. नियम सैल असेल तर काटेकोर चौकशीतूनही माल सुटून जातो.

त्यानंतर १७ मे २०२५ रोजी आणखी एक निर्णय झाला. बांगलादेशाने एप्रिलमध्ये भारतीय सुताची भूमार्गाने होणारी आयात थांबविली होती. त्यानंतर आपण तेथून येणारे तयार कपडे सर्व भूमार्गांवर बंद केले. न्हावाशेवा आणि कोलकाता या दोनच सागरी बंदरांतून ते यावेत, असे ठरविले. महाराष्ट्राच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, हा प्रश्न आता आपल्या उंबरठ्यावर आला. आपण पूर्वेच्या सीमेवरची दूरची गोष्ट समजत होतो, ती रायगड जिल्ह्यातल्या बंदरात आली.

ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर त्या देशात जे घडले आणि तेथील हिंदू समाजाला जे सोसावे लागले, त्याने प्रत्येक भारतीयाचे मन व्यथित झाले आहे. त्या व्यथेतून या निर्णयाचे स्वागत झाले, हे स्वाभाविक आहे. तथापि वृत्तपत्रकार म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मार्ग बदलल्याने मालाचा खर्च वाढतो, वेळ वाढतो. मालाचे गोत्र बदलत नाही. चिनी कापडाचा सदरा पेट्रापोलच्या नाक्यावरून आला काय आणि न्हावाशेव्याला उतरला काय, प्रमाणपत्रावर तो बांगलादेशाचाच. शिवाय रागातून लावलेले निर्बंध राग ओसरला की उठतात. शांत चित्ताने लिहिलेला नियम तेवढा टिकतो. २०११ ची सवलत देणारे सरकार २०१४ साली गेले, पण नियमातील ती तीस टक्क्यांची ओळ जागच्या जागी राहिली, हे आपल्याच विचाराच्या लोकांनी मोकळेपणे मान्य केले पाहिजे.

तीन आक्षेप

नियम कडक करा म्हटले की तीन आक्षेप येतात. त्यांना उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

पहिला आक्षेप गरिबाचा. स्वस्त सदरा महाग होईल, त्याचे काय? उत्तर असे की, सवलत बंद करा, असे येथे कोणी म्हणत नाही. कापड बांगलादेशात किंवा भारतात विणलेले असावे आणि शिवण बांगलादेशात झालेली असावी, असा दोन टप्प्यांचा नियम केला तर शून्य शुल्क कायम राहूनही चीनच्या मागाची वाट बंद होते. शिवाय ज्या गरिबाच्या अंगावर स्वस्त सदरा आहे, तोच इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत यंत्रमागावर उभा असतो. माग बंद पडला तर स्वस्त सदराही त्याला परवडत नाही.

दुसरा आक्षेप शेजारधर्माचा. सवलत द्यायची आणि अटीही घालायच्या, हा कोतेपणा नव्हे काय? ढाक्याच्या कारखान्यात यंत्रावर बसलेल्या स्त्रीशी आपले भांडण नाही. २०१३ साली राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, तेव्हा तिच्या श्रमाची किंमत जगाला कळली. तिच्या देशात सूत कातणी आणि विणाई वाढावी, हे दोन टप्प्यांच्या नियमाने साधते. आजच्या नियमाने तिचा देश परक्या कापडाचा शिंपी होऊन राहतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आणि तो जुन्नरच्या बांधावरचा आहे. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा फार मोठा ग्राहक. कपड्यावर आपण डोळे वटारले तर ते कांद्यावर वटारतील; मग पिंपरी पेंढारच्या शेतकऱ्याने काय करायचे? सीमाशुल्काचा चटका काय असतो, हे या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क आले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये ती अटींसह उघडली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले. दिल्लीतील एका अधिसूचनेने चाळीतला कांदा सडू शकतो, हे त्याने पाहिले आहे. म्हणूनच त्याला लहरी निर्बंध नकोत, स्थिर नियम हवा. बंदी घातली की समोरचा बंदीनेच उत्तर देतो. नियम दोघांच्या हिताचा केला, भारतीय सूत आणि कापड वापरून शिवलेल्या कपड्याला दार सताड उघडे ठेवले, तर विदर्भाचा कापूस, इचलकरंजीचे कापड आणि जुन्नरचा कांदा हे तिघेही त्याच व्यवहारात बसतात.

आपल्या हातचे

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२१ साली ठराव करून बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ही ठरविली. अल्पविकसित म्हणून मिळालेल्या सवलतीचा आधारच या स्थित्यंतराने बदलतो आणि अटी नव्याने मांडण्याची संधी मिळते. मूळ देशाचा नियम शिवणीवरून सुताकडे, निदान कापडाकडे नेण्याची मागणी त्या वाटाघाटींच्या कागदावर असली पाहिजे. ती आपोआप तेथे येत नाही. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. तेथील कार्यकर्त्यांनी आपल्या खासदारांकडे, आणि अन्यत्र सर्वांनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे, हा विषय नेमक्या शब्दांत लेखी मांडावा. 'विदेशी माल बंद करा' हे मोघम निवेदन फायलीत जाते. 'साफ्टाच्या नियमात कपड्यासाठी विणाई आणि शिवण असे दोन टप्पे घाला' या निवेदनाला उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट दुकानात करावयाची आहे. वैधमापन विभागाच्या नियमांत २०२२ साली दुरुस्ती झाली. वेष्टनाशिवाय सुटे विकले जाणारे कपडे अनेक तपशिलांतून मुक्त झाले. पण माल आयात केलेला असेल तर मूळ देशाचे नाव त्यावर असलेच पाहिजे, हे बंधन कायम राहिले. म्हणजे हा आपला हक्क आहे. किंमत, माप आणि रंग पाहताना आपण लेबलावरची ही चौथी ओळ पाहतो काय? ती नसेल तर दुकानदाराला सौजन्याने विचारतो काय? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला तो अशाच प्रश्नांसाठी. त्या ओळीत शिवणीच्या देशाबरोबर कापडाच्या देशाचेही नाव यावे, ही पुढची मागणी असली पाहिजे. काय खरेदी करावे हे ग्राहकाने ठरवावे, पण त्याच्यापासून लपविलेले काही नसावे.

तिसरी गोष्ट घरची आहे. शिबिरांचे टी-शर्ट, स्पर्धांचे गणवेश, सत्कारासाठीच्या शाली, वर्षप्रतिपदेच्या शोभायात्रेतील उपरणी यांची घाऊक खरेदी आपल्याच संस्था, मंडळे आणि शाळा करतात. स्वस्त भावाच्या निविदेत कापडाच्या मूळ देशाची एक अट घालायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. इचलकरंजीचे सुती कापड, सोलापूरची चादर, आपल्या विणकर सहकारी संस्थांचा माल यांना त्या अटीने गिऱ्हाईक मिळते. आपण हे करीत नसू तर बंदरावरच्या अधिकाऱ्याकडून अधिक दक्षतेची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला किती उरतो?

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९९१ साली नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना केली, तेव्हा जागतिक व्यापाराच्या कराराचे मसुदे कार्यकर्त्यांनी वाचले पाहिजेत, त्यांवर अभ्यासवर्ग झाले पाहिजेत, यावर त्यांचा भर होता. त्या अभ्यासाची परंपरा कपड्याच्या या प्रश्नात पुन्हा सुरू व्हावी. प्रत्येक तालुक्यात पाच-सात जण असे तयार व्हावेत की, ज्यांना शुल्कसूचीचे शीर्षक वाचता येते, प्रमाणपत्राची अट समजते आणि ती गावच्या भाषेत चार लोकांना सांगता येते. येत्या १२ डिसेंबरला महाळुंगे पडवळच्या हुतात्म्याला पुष्पहार घालून झाल्यावर तासभर असा एक अभ्यासवर्ग घ्यावा. विषय एकच असावा: हा सदरा कोणाचा, आणि त्याचे सूत कोणाचे?